मोरी ना, बांगडे आसात

२०२३च्या ऑगस्टमधली दुपार. गोव्यातल्या फोंड्याला लागून असलेल्या कुर्टीत भाड्याच्या दोन खोल्या. बाप कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला, आई शिवलेले ब्लाऊज पोचवायला बाजारात, थोरली मुलगी अजून हायस्कुलात. घरी नऊ वर्षांचा धाकटा आणि धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याकडून महिनाभरासाठी आलेली त्याची आजी, म्हणजे बापाची आई. आजी न्हाणीघरात घसरली. आतून तिनं हाक मारली, "आरं लेकरा, मोरीत पडले बग, उटता येईना."

धाकटा बाहेर मोबाइल बघत बसला होता. तिथूनच तो ओरडला, "मोरी ना, बांगडे आसात!" मोरी नाही, बांगडे आहेत.

उमरग्याकडे मोरी म्हणजे आंघोळीची, भांडी घासायची जागा. गोव्यात मोरी हा मासा आहे, लहान जातीचा शार्क. फोंड्याच्या बाजारात तुकडे करून विकतात, त्याचं तिखट आंबट छान होतं. आणि इथे आंघोळीच्या जागेला म्हणतात न्हाणी. आजी माळकरी, मासा पाहिला तरी पदर नाकाला लावणारी, हे पोराला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्या कानानं त्याला जे सांगितलं तेच त्यानं ऐकलं. आजीनं पुन्हा दोनतीनदा हाक मारली. त्यानं मोबाइलचा आवाज वाढवला. दीडला थोरली आली, तेव्हा आजी भिंतीला टेकून ओल्या लुगड्यात बसली होती. हाड मोडलं नव्हतं, घोटा सुजला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई माझ्याकडे आली. घडलेलं सांगून म्हणाली, "सर, पाय बरा हुईल. पर माझं पोरगं माझ्या सासूला परकं झालंय, त्याचं काय करू?"

माझ्याकडे यायचं कारण असं की थोरली माझ्या हाताखाली शिकलेली. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेतला मास्तर, २०१९ला निवृत्त झालो. माझी स्वतःची मातृभाषा कोंकणी. घरी आम्ही कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, देवापुढे मराठीत आरती म्हणतो, भांडताना परत कोंकणीवर येतो. गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला हे विचित्र वाटतं. आम्हांला त्यात काही विचित्र आहे हे कुणी बोट दाखवेपर्यंत कळतही नाही. ही गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण या प्रकरणात मी जी चूक केली तिचं मूळ तिथेच आहे.

घर

बाप २०१०मध्ये गोव्यात आला. औषधांच्या कारखान्यात पॅकिंग मशीनवर. दोन वर्षांनी बायको आणि तीन वर्षांची थोरली आली. २०१४ला धाकटा इथेच, फोंड्यात जन्मला.

थोरली २०१५ला माझ्या शाळेत पहिलीत आली. तेव्हाच आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं बाहेरून आलेल्या कुटुंबांची होती. गोव्यातल्या बऱ्याच सरकारी मराठी शाळा आज अशाच मुलांवर तग धरून आहेत. स्थानिकांनी आपली मुलं केव्हाच दुसरीकडे नेली. चौथीपर्यंत थोरली सुखात होती. पाचवीत हायस्कुलात गेली आणि सगळे विषय एकदम इंग्रजीतून. सहा महिने रोज रडत घरी यायची. आईबापांनी त्या सहा महिन्यांत जे ठरवायचं ते ठरवलं. धाकटा इंग्रजी माध्यमात गेला. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याविरुद्ध मी फलक धरून उभा राहिलो होतो. पण या बाईला तोंडावर "चुकलात" म्हणायची माझी छाती झाली नाही. मुलीचे डोळे तिनं पुसले होते, मी नाही.

धाकट्याची पहिली म्हणजे २०२०चा जून. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. आई मशीनवर बसलेली, पोर समोर फोन घेऊन. इंग्रजी कविता, हिंदी कार्टून, मग पुन्हा इंग्रजी. टाळेबंदी उठली तसा तो शेजारच्या पोरांत मिसळला आणि कोंकणी फाडफाड बोलू लागला. थोरलीही एव्हाना मैत्रिणींमुळे कोंकणीतच विचार करू लागलेली, त्यामुळे बहीणभावांची आपसातली भाषा कोंकणी झाली. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत हे नेहमी होतं. बाहेरची भाषा त्याला बाहेर जाऊन आणावी लागत नाही, पहिलं मूलच ती घरात आणून ठेवतं.

बापही कोंकणीच्या बाजूचा. त्याला स्वतःच्या कोंकणीचा अभिमान आहे, कारखान्यात त्यामुळेच त्याचं बस्तान बसलं. शिवाय हिशेब आहेच. गोव्यात सरकारी नोकरीला कोंकणीचं ज्ञान अनिवार्य आणि मराठीचं इष्ट असं जाहिरातीत छापून येतं, सोबत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. दाखल्याची वर्षं मोजत बसलेला बाप मुलाशी संध्याकाळी मुद्दाम कोंकणीत बोलायचा. त्यात गैर काय?

बेल्जियमच्या डच भाषक भागात अनिक द हाउवर या संशोधक बाईंनी सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी केली होती, २००७ साली ती छापून आली. घरात आईबापांपैकी निदान एकजण तरी दुसरी भाषा बोलणारा, अशी ती कुटुंबं. त्यांतली जवळपास चौथा हिस्सा मुलं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. आणि आईबाप दोघेही बाहेरची भाषा घरात वापरत असतील तर घरची भाषा टिकण्याची शक्यता उतरत जात होती. कुर्टीतल्या त्या दोन खोल्यांत नेमकं हेच चाललं होतं.

वही

मी थोरलीला एक काम दिलं. आठवडाभर वहीत लिही, धाकटा कुणाशी कोणत्या भाषेत बोलतो. पोरगी हुशार, तिनं नुसती भाषा लिहिली नाही, कशासाठी बोलला तेही लिहिलं.

मित्रांशी कोंकणी. बहिणीशी कोंकणी, भांडताना हिंदी. बापाशी कोंकणी. शाळेत अर्थातच इंग्रजी, आणि मधल्या सुट्टीत पुन्हा कोंकणी. आईशी? आई मराठीत विचारी, तो कोंकणीत किंवा एका इंग्रजी शब्दात उत्तर देई, आईला ते समजे, काम पुढे जाई. मराठी तो फक्त दोन प्रसंगी बोलला होता. "भूक लागली" आणि "पैसे दे ना". थोरलीनं खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मस्का मारताना मराठी."

ही एक ओळ मला शंभर अहवालांपेक्षा महत्त्वाची वाटली. म्हणजे पोराला मराठी येत होती. पण तिची गरज कुठेच नव्हती. आईला कोंकणी समजत होती, इंग्रजी शब्द समजत होते. ज्याच्याशी मराठीवाचून इलाजच नाही असा एकच माणूस त्याच्या आयुष्यात होता, आणि तो वर्षातून एकदा एसटीनं यायचा.

वहीच्या शेवटच्या पानावर थोरलीनं मी न विचारलेलं लिहिलं होतं. आदल्या वर्षी आई धाकट्याचा विसरलेला डबा द्यायला शाळेच्या फाटकाशी गेली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "आरं, डबा इसरलास की!" पोरं हसली. एकजण म्हणाला, "घाटी." धाकट्यानं डबा घेतला आणि आईला हळूच सांगितलं, "मम्मी, हांगा तशें उलोव नाका." इथं तसं बोलू नको.

घाटी हा शब्द आमच्याच तोंडचा आहे. घाटापलीकडून आलेला तो घाटी, एवढाच एकेकाळी त्याचा अर्थ असेल. आज तो कसा आणि कुणाला उच्चारला जातो हे प्रत्येक गोंयकाराला ठाऊक आहे. त्याच्या जोडीला 'भायले', म्हणजे बाहेरचे, आहेच. गंमत बघा, आमच्या अंत्रुज महालातले, म्हणजे फोंडा तालुक्यातले, मोठमोठे देवच सोळाव्या शतकात नदी ओलांडून आलेले. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून. चारशेहून अधिक वर्षं झाली, त्यांना कुणी भायले म्हणत नाही.

माझा इलाज

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. एक, घरात फक्त मराठी. कोंकणी शब्द निघाला की डब्यात पाच रुपये. दोन, रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्याकडून नेलेलं पाठ्यपुस्तक वाचायचं. आणि तिसरं, आईला बाजूला घेऊन म्हणालो, "तुम्ही त्याच्याशी जरा शुद्ध बोला. हाय नको, आहे म्हणा. न्हाई नको, नाही म्हणा. मूल ऐकतं तेच उचलतं."

पंचवीस-तीस वर्षं मी वर्गात हेच करत आलो. माझ्या दृष्टीनं मराठी म्हणजे छापलेली मराठी. साहजिक होतं. माझ्यासारख्या गोंयकाराला मराठी कधी आईच्या मांडीवर मिळाली नाही. ती मिळाली शाळेत, देवळात, वर्तमानपत्रात. ती आमची सणासुदीची पैठणी. या बाईसाठी तीच मराठी रोजचं लुगडं होती, आणि मी तिला सांगत होतो की ते फाटकं आहे.

पहिल्या आठवड्यात डब्यात पंचावन्न रुपये पडले, बहुतेक बापाचे. दुसऱ्या आठवड्यात घर गप्प झालं. पोरानं युक्ती काढली: बोलायचंच नाही, बोट दाखवायचं. तिसऱ्या आठवड्यात जे झालं त्यानं मी हादरलो. आईनं त्याला कशावरून तरी रागावलं, "कुटं हुतास इतका येळ?" आणि पोरानं शांतपणे उत्तर दिलं, "सर म्हणाले, असं म्हणायचं नाही. कुठे होतास म्हणायचं."

इंग्रजी शाळा तिला अडाणी ठरवतच होती. रस्ता तिला घाटी म्हणत होता. उरलेलं माझ्या शुद्ध मराठीनं केलं. तिच्याच पोराच्या हातात मी छडी दिली. बाईनं त्यानंतर त्याच्याशी कामापुरतं बोलायचं धोरण ठेवलं. आजीनं तर सामान बांधलं. जाताना माझ्या बायकोला म्हणाली, "माज्या बोलन्यानं लेकरू बिगडंल म्हनं. जाते बाई."

ती सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली. मी डबा परत मागवला आणि आईला सांगितलं, माझं ऐकू नका. पुढे काय करावं हे मला तेव्हा सुचत नव्हतं.

लेकुरवाळा

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. शेजारच्या घरी आरतीला गेलो, तर घुमट वाजवायला धाकटा! मांडी ठोकून बसलेला, बरोबरीला शामेळ आणि कासाळें ही साथीची वाद्यं. एकामागून एक आरत्या, कडवीच्या कडवी पाठ, एक शब्द अडला नाही. सगळ्या मराठी. ज्या पोराला आजीची हाक कळली नाही त्याच्या पोटात एवढी मराठी होती. फक्त ती त्यानं कोंकणी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून घेतली होती, त्यामुळे ती त्याच्या लेखी गोव्याची, मानाची. आईची मराठी वेगळी, फाटकाशी लाज आणणारी. दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

२०११च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के. त्या अकरा टक्क्यांत पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेला पेडण्याचा माणूसही आहे आणि परवा उमरग्याहून आलेला मशीनवालाही. आकडा दोघांना एका रकान्यात बसवतो. पण मराठीच्या नावानं इथे जे भांडण झालं, १९६७चा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीन व्हायचं (फूल) की वेगळं राहायचं (दोन पानं), मग १९८७चा राजभाषा कायदा, ते सगळं आम्हा गोंयकारांचं आपसातलं भांडण होतं. मशीनवाल्याची मराठी त्यात कुणाच्या खिजगणतीत नव्हती. कोंकणीवाल्यांच्या तर नाहीच, आम्हा मराठीवाल्यांच्याही नव्हती. सभांना गर्दी हवी असली की आठवण यायची, एवढंच.

थोरली देवळाच्या सभागृहात भजन शिकायला जायची. कला अकादमीच्या भजनी स्पर्धांमुळे आमच्याकडे गावोगाव बायका-मुलांचीही पथकं असतात. दिवाळीच्या आधी बुवांनी जनाबाईचा अभंग बसवायला घेतला. 'लेकुरवाळा' शब्दावर थांबून विचारलं, म्हणजे काय? सगळ्या मुली गप्प. कोंकणीत मूल म्हणजे भुरगें; लेकरू हा शब्द त्यांनी फक्त गाण्यात ऐकलेला. थोरली म्हणाली, "आमची आज्जी आम्हांला लेकरूच म्हणते. लेकुरवाळा म्हणजे पोराबाळांनी भरलेला." बुवा खूष झाले. तिला म्हणाले, मग तुझी आजी जनाबाईच्या भाषेत बोलते की गो!

हे त्या मुलीनं घरी येऊन आईला चारदा सांगितलं, असं आईनं मला सांगितलं. चौथ्या वेळी धाकट्यानंही कान टवकारले होते.

मी इथे एक सावधगिरीचा शब्द लिहून ठेवतो. त्या रात्रीनंतर धाकटा मराठी बोलू लागला असं काही झालं नाही. फरक पडला तो आईत. तिनं "हाय" आणि "न्हाई" परत सुरू केलं.

मग काय केलं

नियम सगळे काढून टाकले. कोंकणी बंद करणं मूर्खपणाचं होतं. ती पोराची मित्रांची भाषा आहे आणि ज्या मातीत तो राहतो तिची आहे. बापाला फक्त एवढं म्हणालो, कोंकणी पोराला गल्ली शिकवेल, फुकट आणि तुमच्यापेक्षा चांगली. तुम्ही तुमचं द्या. बापाला ते पटायला दोन महिने लागले, आणि पटलं तेही अर्धवट. दमून आला की अजूनही तो कोंकणीत सुरू होतो.

बाकी दोन गोष्टी. शाळेनं चौथीच्या मुलांना प्रकल्प दिला होता, आजीआजोबांच्या काळातलं जेवण. लिहायचं इंग्रजीत. पण माहिती होती उमरग्याला. आईला मी निक्षून सांगितलं, तुम्हांला ठाऊक असलं तरी सांगू नका, आजीला विचार म्हणा. पहिला फोन दीड मिनिटांत संपला. मग व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप सुरू झाले, कारण ते पुन्हापुन्हा ऐकता येतात. आंबील म्हणजे काय, कडक भाकरी कशी वाळवतात, पेंडपाला म्हणजे काय आणि तो माणसं खातात की गुरं. आजी एका प्रश्नाला सहासहा मिनिटांचं उत्तर पाठवी, मध्ये शेजारणीला हाक, कोंबड्यांना शिव्या. पोर ते कानाला लावून बसे आणि अडलेला शब्द आईला विचारी. आईला आपल्या भाषेतलं काहीतरी कुणीतरी विचारतंय असं गोव्यात आल्यापासून प्रथमच घडत होतं.

दुसरी गोष्ट आईनंच काढली, माझी नव्हे. ती त्याला मशीनजवळ बसवू लागली. हुक लावणं, काज करणं, दोरा ओवणं. दर हुकामागे पन्नास पैसे. काम करताना बोलावंच लागतं. "मुंढा सैल झालाय, उसव." "अस्तर खाली घे." "दोऱ्याला गाठ मारलीस का नुस्तंच ओडायलास?" हे शब्द त्याला कोंकणीत ठाऊक नव्हते आणि इंग्रजीतही नव्हते. ते फक्त आईकडे होते. आठवड्याभरात तो ते तिच्याच सुरात बोलायला लागला, कारण दुसरा सूर उपलब्धच नव्हता.

जोशुआ फिशमन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९९१च्या आपल्या पुस्तकात भाषा वाचवण्याचा कणा म्हणून घर, कुटुंब आणि शेजार यांच्याकडे बोट दाखवलं होतं. तो मोडला तर वरच्या पायऱ्यांवरची शाळा, वर्तमानपत्रं, सरकारी हुद्दे यांनी तो जोडला जात नाही. आयुष्यभर वरच्या पायऱ्यांवर उभं राहून घोषणा दिलेल्या माणसाला हे वाचायला कडू लागतं.

पाचवीत, २०२४च्या जूनमध्ये, विषय निवडायचा होता: कोंकणी की मराठी. आईबाप मला विचारायला आले. पोराला कोंकणी हवी होती, मित्र तिकडे होते. मी म्हणालो, कोंकणीच घ्या. शाळेतली मराठी म्हणजे पुन्हा माझीच मराठी, पुन्हा लाल शाई. आईच्या मराठीला त्या लाल शाईपासून अजून काही वर्षं लांब ठेवलेलं बरं. माझ्या मराठीवाल्या स्नेह्यांपैकी एकानं हे ऐकून महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मी बरोबर होतो अशी माझी खात्री आहे असंही नाही. पोराला मराठी वाचता येते ती चाचपडत, लिहिता जवळपास येत नाही. त्याची किंमत पुढे भरावी लागू शकते.

येळवस

उमरगा-लातूरकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते, वेळा अमावास्या. सगळं गाव रानात जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात, पूजा होते, मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. गोव्यात याची कुणाला गंधवार्ता नाही. या कुटुंबानं गोव्यात आल्यापासून येळवस पाहिलेली नव्हती. कारण साधं: आमच्या शाळांना मोठी सुट्टी चवथीला आणि नाताळात, येळवस बहुधा त्याबाहेर पडते. कुटुंबं आपले सण विसरतात त्यामागे अनेकदा नुसतं वेळापत्रक असतं. २०२४ला ती ३० डिसेंबरला आली, ऐन नाताळच्या सुट्टीत. रात्रभर बस बदलत चौघं गेले.

तिथला वृत्तांत मला तिघांकडून तीन तऱ्हांनी मिळाला. आई म्हणते पोर मजेत होतं. थोरली म्हणते, चुलतभावांनी त्याला पहिल्याच तासात 'गोवेकर' करून टाकलं, त्याच्या हेलाची नक्कल केली, आणि तो कोपीमागे जाऊन बसला. धाकटा स्वतः फक्त उंड्यांबद्दल बोलतो. आजीनं ताटात उंडे वाढले, तर हा म्हणाला, "ह्ये उंडे? उंडो तर पाव असतो. आमचा पोदेर सायकलवर आणतो." चुलते पोट धरून हसले. मग त्यानं त्यांना पोदेराचा भोंगा तोंडानं वाजवून दाखवला. संध्याकाळपर्यंत सगळी पोरं रानात पोंऽपों करत फिरत होती.

परत आल्यावर त्यानं मला विचारलं, "सर, हांगा म्हाका घाटी म्हणटात. थंय गोवेकर. मग हांव कोण?" इथं मला घाटी म्हणतात, तिथं गोवेकर, मग मी कोण?

प्रश्न कोंकणीत होता. मी उत्तर दिलं नाही, माझ्याकडे नव्हतं. मी त्याला उलट विचारलं की हे आजीला विचारलंस का. तो म्हणाला, विचारलं. आजी म्हणाली, "तू माज्या लेकाचा लेक. बाकीचं लोकास्नी ठरवू दे."

घटना अजून पूर्ण झालेली नाही. थोरली आता अकरावीत आहे; मराठी उत्तम बोलते, पण मैत्रिणी समोर असल्या की आईला अजूनही हळू आवाजात उत्तर देते. तिचं वय तेच आहे, घाई करण्यात अर्थ नाही. धाकट्याच्या मराठीत कोंकणी क्रियापदं सर्रास घुसतात. आई ती दुरुस्त करत नाही. मीही नाही, जीभ चावून.

२०२५च्या ऑगस्टमध्ये आजी पुन्हा आली. मासेमारीची दोन महिन्यांची बंदी उठून आठवडाच झाला होता. मी लेंग्याची नाडीपट्टी बदलून घ्यायला गेलो होतो, पाऊस धो धो. नुस्तेंकान्नीनं, म्हणजे मासेवालीनं, दारात टोपली उतरवली. धाकट्यानं फडकं उचलून आत पाहिलं आणि घराकडे तोंड करून ओरडला, "आज्जे! तुझी मोरी आलीया बग! पडतीस का?"

आतून क्षणभर काही आलं नाही. मग माळ सावरत आजी दारापर्यंत आली, टोपलीकडे पाहून पदर नाकाला लावला. "तूच पड मुडद्या!"

नुस्तेंकान्नीनं माझ्याकडे पाहिलं. "सर, कितें म्हणटा ती?"

मी सांगायला तोंड उघडलं. तोवर धाकटा टोपलीशी उकिडवा बसून तिला कोंकणीत सगळं सांगू लागला होता, अगदी न्हाणीपासून.